टाचलेली शाल

आजीला मातीत ठेवून एक दिवस झाला होता, तरी पाहुण्यांच्या चहाच्या कपांचा ढीग अजून सिंकमध्ये तसाच होता. कप चर्चचे होते. आत्या ते विसळत होती आणि नात पुसत होती.

"नीट पूस हं," आत्या म्हणाली. "एकावर जरी ओठांचा रंग राहिला, तर पाळकबाई मला प्रवचन देतील. आणि त्यांचं प्रवचन म्हणजे पाळकसाहेबांपेक्षा लांब."

नात हसली नाही. तशी ती बोलायचीही थोडंच. घरात तिला सगळे गोगलगाय म्हणत. दार वाजलं की ही शंखात शिरे, म्हणजे जिन्याखालच्या अडगळीत. दार उघडायला नेहमी आजी जाई.

पुढच्या दाराने पाळक, चर्चमधले वडीलधारे आणि सोयरेधायरे येत, मागच्या दाराने बाकीचं सगळं जग. नवऱ्याने हाकललेली बाई, भिजलेला फेरीवाला, काम सुटलेला गवंडी. आजी पक्की प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती. रोज पहाटे स्तोत्र म्हणायची, रविवारी सुईला हात लावायची नाही. पण मागच्या दारात उभ्या असलेल्याला तिने कधी उपदेश केला नाही. "आधी अंग गरम होऊ दे, आत्म्याचं मग बघू," म्हणायची, आणि अंगावरचं काढून द्यायची.

नातीने तिला कितीतरी शाली विणून दिल्या. एकही टिकली नाही. "अगं, तिला थंडी वाजत होती," एवढंच आजीचं उत्तर. या हिवाळ्यातही तेच झालं. गारठ्यात आजीने शाल कुणाला तरी दिली, आठवड्याने तिच्या छातीत कफ भरला, आणि ती उठलीच नाही.

म्हणून या वेळी नातीने काळजी घेतली. तिची नवी शाल करडी होती. करडी लोकर संपली म्हणून एक कड निळी, आणि कोपऱ्यात टाका सुटून पडलेलं एक भोक. शवपेटीत तिने ती आजीच्या खांद्यांवर घातली आणि निळ्या दोऱ्याने झग्याला टाचून टाकली. बारीक, घट्ट टाके. "आता बघू कुणाला देतेस ते," ती आजीच्या कानाशी म्हणाली होती. मग तिच्या डोळ्यांदेखत झाकण बसलं.

"आत्या," ती आता हळूच म्हणाली, "आजीला थंडी नसेल ना गं वाजत?"

आत्याचे हात पाण्यातच थांबले.

"बाळा, आपण असलं मानत नाही. मेलेल्यांसाठी आपण प्रार्थनासुद्धा करत नाही. ती प्रभूजवळ आहे, तिला काही कमी नाही." मग कोपराने नाक पुसून म्हणाली, "आणि तिचं काय सांगावं, तिथेही कुणाच्या तरी अंगावर पांघरूण घालत बसली असेल. मी कप पोचवून येते. मागच्या दाराला कडी घाल. आता कोण येणार आहे?"

आत्या गेली. घर एकदम मोठं झालं. खिडकीतला उजेड विझत आला होता. नळ ठिबकत होता. साबणाचा वास हळूहळू विरला आणि त्याच्या जागी दुसराच वास आला. ओल्या, खोल मातीचा.

मागचं दार वाजलं.

हलकेच, बोटांच्या पेरांनी. नातीचे पाय आपोआप जिन्याकडे वळले. पुन्हा वाजलं. या दारातून कुणी कधी विन्मुख गेलं नव्हतं. आज ते उघडलं नाही, तर आजी खरोखरच गेली... तिने कडी काढली.

बाहेर एक तरुण बाई उभी होती. अनवाणी. दिवसभर पाऊस नव्हता, तरी तिचे केस कपाळाला चिकटले होते. खांद्यांवर करडी शाल होती. एक कड निळी. कोपऱ्यात भोक.

"ही शाल..." नात म्हणाली.

"तिनं दिली," बाई म्हणाली. बोलण्याची सवय मोडल्यासारखी ती थांबत थांबत बोलत होती. "मी तिच्या शेजारीच असते. फार वर्षं झाली... कुणी विचारलंच नव्हतं."

"काय?"

"थंडी वाजते का म्हणून."

नातीने चौकट धरली. तिच्या तोंडून आपोआप शब्द निघाले. "मग तिच्या अंगावर काय आहे?"

बाईने मान खाली घातली. "ती म्हणाली... तिला सवय आहे."

नातीच्या डोळ्यांतून पाणी घळघळ वाहू लागलं. बाईने मूठ पुढे केली आणि उघडली. तळव्यावर निळ्या दोऱ्याची गुंडी होती. करंगळीवर गुंडाळून शेवटचं टोक आत खोचलेली. उसवलेला दोरा आजी अशीच ठेवायची. तुटू द्यायची नाही.

"वाया जाऊ नये म्हणाली. अजून पुष्कळ जण आहेत तिकडे..." बाईचा आवाज आणखी खाली गेला. "मागच्या दाराने जा म्हणाली. माझी नात उघडते दार."

नातीने गुंडी घेतली. ती बर्फासारखी गार होती. तिने मान वर केली तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. पायरी कोरडी होती.

आत्या परतली तेव्हा नात चुलीपाशी बसून विणत होती.

"कुणी आलं होतं?"

"नाही."

आत्याने तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. नंतरच्या दिवसांत ती लोकर आणून ठेवत राहिली. एकदाच म्हणाली, "कुणासाठी गं एवढं?"

"आजीसाठी," नात म्हणाली. ते खरंच होतं. फक्त आजीपर्यंत काहीच पोचणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

आठवडा सरत आला तेव्हा एका तिन्हीसांजेला स्वयंपाकघरात पुन्हा मातीचा वास आला. दार वाजलं. या वेळी अगदी खाली, लहान मुलाचा हात पोचेल तिथे.

"मांजर असेल," आत्या म्हणाली. पण ती जागची हलली नाही, आणि दाराकडे पाहिलंही नाही.

नातीने मांडीवरच्या विणकामाकडे पाहिलं. शाल अजून अर्धीच झाली होती. लहान अंगाला पुरली असती.

ती उठली आणि दाराकडे गेली.