शेवटचा कप

अंगणातून हातोडीचा आवाज आला आणि चहा गाळता गाळता ताईचा हात जागच्या जागी थांबला...

खण्ण! पुन्हा खण्ण! जॉइंटमध्ये नीट आत जाणाऱ्या लोखंडी कपाचा आवाज असा येत नाही. तो भरीव येतो. हा कोरडा, आडमुठा आवाज मात्र तिने याआधी एकदाच ऐकला होता, बावीस वर्षांपूर्वी, याच ओट्यापाशी उभं राहून! तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली होती, पण ‘बसला गं ताई’ अशी धाकट्या भावाची हाक आली, आणि ती चहाच करत राहिली. आयुष्यभर पुरेल एवढी चूक माणसाच्या हातून केवढ्याशा वेळात होते!

जीप आबांची, म्हणजे ताईच्या वडिलांची. ती जुनी, आबाही जुने. हल्ली गिअर टाकला की खालून ‘खट्ट’ व्हायचं, वेग घेतला की पायाखालची पत्र्याची जमीन थरथरायची. चाकांना फिरवणाऱ्या लांब शाफ्टच्या दोन्ही टोकांचे जॉइंट पार खिळखिळे झाले होते. उद्या डोंगरापलीकडच्या डॉक्टरांकडे आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन, आणि आबांचा हट्ट असा की जायचं तर याच जीपमधून आणि हिला परक्या माणसाचा हात लागता कामा नये. म्हणून धाकटा रजा काढून आला होता. इंजिनिअर खरा, पण कागदावर गाड्या काढणारा. पान्याशी त्याचं सख्य कधीच नव्हतं.

आणि ताई? ती परकी नव्हती. पण तिचा हात तर मुळीच लागायचा नव्हता.

एके काळी याच अंगणात आबा गाडीखाली असायचे आणि नुसता हात बाहेर काढून म्हणायचे, “फोरमन, चौदाचा पाना!” फोरमन म्हणजे ताई. आई गेली तेव्हा ती दहा वर्षांची होती. एका काखेत धाकटा आणि दुसऱ्या हातात ग्रीसचा डबा घेऊन ती वाढली. रॉकेलचा तो उग्र वास, आबांच्या कपाळावरचा काळा ओरखडा, काम फत्ते झाल्यावर एकाच कपातला अर्धा-अर्धा चहा... किती श्रीमंत होते ते दिवस! शाफ्ट काढण्याआधी त्यावर खूण कशी करायची, जॉइंटच्या चारही टोकांवर बसणाऱ्या, बाटलीच्या टोपणाएवढ्या कपात काडीसारख्या बारीक चोवीस सुया ग्रीसमध्ये उभ्या कशा चिकटवायच्या, कप पूर्ण आत गेला की तो सुटू नये म्हणून खाचेत लॉकची कडी कशी बसवायची, हे ती आबांच्या शेजारी उकिडवी बसून शिकली. “मोठ्याने मोजायच्या. मोजल्याशिवाय कप लावायचा नाही!” हा आबांचा कायदा.

मग ती दुपार आली. ताई चहाला आत गेली आणि शेवटचा कप धाकट्याने हौसेने ठोकला. दुसऱ्याच दिवशी उतारावर शाफ्ट सुटला, जीप कलंडली, आणि आबांचा उजवा गुडघा कायमचा गेला.

दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी विचारलं होतं, “शेवटचा कप कोणी लावला?”

भिंतीला चिकटून धाकटा उभा होता. सतरा वर्षांचा, आठवड्यावर कॉलेजला जाणं आलेलं...

“मी, आबा,” ताई म्हणाली.

“आजपासून माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही!”

तिने लावला नाही. वाचनालयात फाटक्या पुस्तकांना पाठी चिकटवत तिने बावीस वर्षं काढली. आबांचं दुखणंखुपणं तिनेच पाहिलं; पण ‘फोरमन’ ही हाक त्या खाटेपाशी विझली, ती विझलीच.

खण्ण!

या वेळी मात्र ताईने गाळणं ओट्यावर टाकलं आणि ती अनवाणीच अंगणात धावली.

“थांब! मारू नकोस! आत एक सुई आडवी पडलीय!”

धाकट्याची हातोडी हवेतच राहिली. पायरीशी खुर्ची टाकून बसलेल्या आबांनी आपले धूसर डोळे आवाजाच्या दिशेने वळवले.

“हत्यारांना हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं.”

“हो आबा. बावीस वर्षं नाही लावला. पण उद्या या गाडीत तुम्ही बसणार आहात. आज लावणार!”

तिने कप उलटा ठोकून काढला. तळाशी खरंच एक सुई आडवी होती, वाकून गेलेली. धाकट्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

ताई खाली बसली. दुसरा नवा कप घेतला, बोटावर ग्रीस घेतलं... आणि आश्चर्य म्हणजे बोटं काहीच विसरली नव्हती! ओठ आपोआप हलू लागले.

“एक... दोन... तीन...”

आबा ऐकत होते. काठीवरची त्यांची मूठ घट्ट होत गेली.

“...तेवीस... चोवीस.” तिने आतून एकदा बोट फिरवून पाहिलं.

“अजून मोजतेस?” आबांचा आवाज एकदम खाली आला होता.

“तुम्हीच शिकवलंत ना? मोजल्याशिवाय कप लावताच येत नाही मला.”

“मग त्या दिवशी का नाही मोजल्यास?”

दवाखान्यात एका शब्दात जमलेलं खोटं आज ताईला ग्रीसने माखलेल्या हातांनी काही केल्या जमेना.

“तिने लावलाच नव्हता, आबा!” धाकटा हुंदका देत खाली बसला. “मी लावला. खाच पूर्ण दिसत नव्हती, तरी लॉक तसंच दामटलं... ताई म्हणाली गप्प राहा, आणि मी... मी भेकडासारखा गप्प राहिलो!”

मग आबांनी विचारलं, “का गं पोरी?”

“तुम्ही त्याला घराबाहेर काढलं असतंत, आबा. मला फक्त हत्यारांपासून तोडलंत.”

“फक्त?” आबा काठीवर पुढे वाकले. “फक्त म्हणतेस? अगं, तुझा जीव त्यात होता, हे मला ठाऊक नव्हतं का? म्हणून तर तीच शिक्षा दिली मी!”

त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवरून आसवं ओघळू लागली. ताईने तळवे काळे म्हणून मनगटांनी ती पुसली, तरीही केस मागे सारताना आबांच्या कपाळावर एक काळा ओरखडा उमटलाच.

मग तिने कप वाइसच्या लोखंडी जबड्यात हलकेच दाबला. तो सरळ आत गेला, आणि लॉक खाचेत बसलं. टच्च!

“बरोबर बसलं,” आबा डोळे मिटून म्हणाले. “मागचा जॉइंट राहिलाय ना अजून?”

“हो.”

“मग बघत काय बसलीस, फोरमन? घे पेटी! आणि त्या इंजिनिअरला सुया मोजायला बसव.”

ताईला समोरचं काही दिसेना. चाचपडतच तिने पेटी ओढली आणि नवा कप धाकट्याच्या हातात ठेवला. तो नाक ओढत पुटपुटू लागला, “एक... दोन...”

“मोठ्याने मोज,” ताई म्हणाली. “आबांना ऐकू गेलं पाहिजे.”