दोन गावांचा एक अर्ज

फुटबॉल उडत आला तो थेट मालनबाईच्या दुधाच्या कॅनवर. कॅन कलंडला आणि दूध वाहत गेलं ते डेअरीत दूध तपासणाऱ्या, दारात उभ्या रोहिणीच्या नव्या चपलांवरून.

"आंधळं हाय का रं कोन?" रोहिणी कडाडली.

ओढा ओलांडून धापा टाकत एक उंच पोरगा आला. पलीकडच्या हिंगणदऱ्याचा अंगद. नागापूरच्या कारखान्यात नोकरी, सुट्टीला पोरांना फुटबॉल शिकवायचा.

"आंधळा न्हाई," तो तिच्याकडं बघत म्हणाला. "पन गोल कुठं मारायचा… ते आत्ता कळलं."

"चपला धू आधी!"

त्यानं खरंच धुतल्या. दुसऱ्या दिवशी मालनबाईला दूध आणून दिलं, तिसऱ्या दिवशी रोहिणीला पेरू. चौथ्या दिवशी हातात काहीच नव्हतं, तरी आला. मग काय! तीन महिन्यांत त्या ओढ्यातल्या दगडांना अंगदचे पाय पाठ झाले.

मध्येच आली ती स्पर्धा. सोळा जिल्ह्यांची, फुटबॉलची. रोहिणीच्या बोरखिंडीला मैदान झकास, पण एवढी पोरं झोपवायची कुठं? हिंगणदऱ्यात दोन मंगल कार्यालयं, पण मैदानाला असा उतार, की वरच्या अंगाची टीम न खेळताच जिंकावी.

"वर्ल्डकप तीन-तीन देश मिळून भरवत्यात," अंगद म्हणाला. "आपल्याला एक ओढा ओलांडंना?"

दोन्ही गावांना पटलं. स्पर्धा भरवायला दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा ठरला. आणि तो अर्ज कसा करायचा हे सांगायला सावेडीहून स्कूटरवर बसून आली क्रीडा कार्यालयातली दिशा मॅडम. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर गॉगल, आणि हसायची अशी की अंगदही उगीच हसायचा.

त्या दिवशी रोहिणीनं खुद्द सरपंच रंभाजीअण्णांना तोंडावर सांगितलं, "अण्णा, दुधात पानी हाय." चार माणसांत! एरवी ती फक्त खाकरायची.

संध्याकाळी अंगद आला.

"मॅडमच्या चहात साखर किती रं?" रोहिणीनं गोड आवाजात विचारलं.

"दीड चमचा."

"आन माझ्या?"

"तू… चहा पितीस?"

रोहिणीनं डेअरीची खिडकी धाडकन लावली. त्याचं बोट थोडक्यात वाचलं.

पुढच्या बैठकीत मॅडमनं नवी टूम काढली. "दोन्ही गावांनी देवळात शपथ घ्या ना, आम्ही भाऊ-भाऊ म्हणून! व्हिडिओ अर्जाला जोडू. समिती एकदम खूश!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

रोहिणीला लहानाचं मोठं करणारी मुक्ताआत्या घरी येऊन कपाळाला हात लावून बसली.

"आगं, बेलभंडारा उचलून गावं भाऊ-भाऊ झाली, की पोरं-पोरी भाऊ-बहीन! खालच्या वाडीशी आपल्या वाडवडलांनी असाच उचलला. आजून तिकडं सोयरीक हुईत न्हाई."

 रोहिणीनं तिथल्या तिथं अंगदला फोन लावला.

"शपथ मीच लिवलीय!" तो आधीच सुरू झाला. "मॅडम म्हनल्या, लई भारी झालीय—"

बस्स! मॅडम म्हनल्या! सांगायचं होतं ते ओठांवर आलं आणि तिथंच आंबट झालं.

"लिव," ती म्हणाली. "चांगली मनापासून लिव." आणि फोन कापला.

रविवारी सकाळी खंडोबाच्या देवळात दोन्ही गावं लोटली. मॅडम मोबाईल धरून अंगदला अगदी खेटून उभी. रंभाजीअण्णांनी मुठीत भंडारा घेतला. अंगदनं कागद उघडला.

"आजपासून बोरखिंड आन हिंगनदरा हे सख्खे—"

"थांबा!"

सगळी मुंडकी वळली. रोहिणी गर्दीतून वाट काढत पुढं आली.

"भाऊ नगं. भाऊ बांधावरनं डोकी फोडत्यात. आपल्या गावात कमी हायेत का?"

"मंग काय करू, बाय?" अण्णा म्हणाले. "मूठ आवघडली माझी."

"व्याही करा."

सगळ्या माना आता अण्णांकडं वळल्या.

"व्याही व्हायला पोर-पोरगी लागती," अण्णा सावकाश म्हणाले.

"पोरगी हाय." तिनं मान खाली घातली. "पोराचं त्यालाच इचारा. न्हाईतर मॅडमना इचारा… त्याचं सगळं त्यास्नीच ठावं आसतंय."

अंगद आधी बावचळला. मग मुक्ताआत्यानं त्याच्या कानात दोन वाक्यं सांगितली, तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. काय लिहून बसलो होतो आपण! त्यानं कागदाचे तुकडे करून खिशात कोंबले.

"आगं, मला म्हाईतच नव्हतं… फोनवर सांगायचं की!"

"तू बोलू दिलंस व्हय?"

"चुकलं. आता सांगतो… आण्णा, पोरगा पन हाय."

भंडारा असा उधळला की खांबसुद्धा पिवळे झाले. आणि लगेच मानपान सुरू! हिंगणदरेकर म्हणाले, "आमी वरपक्ष, फायनल आमच्याकडं." बोरखिंडवाले म्हणाले, "उतारावर? न्हाई जमायचं! पावनं झोपायला तुमच्याकडं, फायनल आमच्याच मैदानात." अर्जाची बैठक एका क्षणात लग्नाची झाली, आणि भांडताना सगळे हसत होते.

"हाच व्हिडिओ पाठवते," दिशा मॅडम हसता हसता डोळे पुसत म्हणाली. "असा अर्ज त्यांनी बघितलाच नसेल."

"पाठवा की," रोहिणी म्हणाली. "पन मॅडम… आता जरा तिकडं सरकून काढा. त्याच्या बाजूला मी उभी ऱ्हानार हाय."