माठातला आवाज

साल होतं १९९६. भूकंपाला तीन वर्षं होत आली होती, आणि डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींनी लातुरातल्या भाड्याच्या खोल्या भरून गेल्या होत्या.

त्यातलीच एक चाकूरची सिंधु. एका दुपारी ती गंजगोलाईच्या बाजारात, मकबूलभाईंच्या कॅसेटच्या दुकानात तणतणत शिरली. क्लासमधल्या सरांची लेक्चरं इथंच कॅसेटवर भरून मिळायची.

“हे ऐका! सरांचं भिंगाचं सूत्र संपतं... आणि एक म्हातारी म्हणते, ‘माजा इस्वास माज्या कोंबडीवर हाय!’”

मकबूलभाईंचा मुलगा जीशान हसू दाबत म्हणाला, “कोंडाबाई त्या. भूकंपाच्या आधी कोंबडी ओरडली, म्हणून बाहेर आल्या... वाचल्या. लेक्चरनंतर उरलेल्या टेपवर त्यांचा आवाज घेतला, पुसायचा राह्यला.”

उदगीरच्या चित्रकार महादेवीताई भूकंपातल्या गावांत एकच प्रश्न घेऊन हिंडत होत्या – तुमचा विश्वास कशावर? जीशान रेकॉर्डर धरायचा. पुढं त्याचं प्रदर्शन करायचं होतं – पत्र्याच्या शेडात माठ मांडायचे, आत स्पीकर ठेवायचे. माठाला कान लावला की माणूस बोलणार!

“तुमचा घेऊ का आवाज?”

“गिऱ्हाईकाची थट्टा करता व्हय?”

पण सिंधु पुन्हा आली. मग पुन्हा. इतक्या कॅसेटी काही खराब निघत नव्हत्या... एका संध्याकाळी तिनंच माईक ओढला.

“माझा विश्वास... जीशानवर हाय.”

त्याचे कान लाल झाले.

“आणि तुझा?”

“प्रदर्शनात ऐक की. शेवटच्या माठात.”

त्या नादात तो पुन्हा आवाज पुसायचं विसरला. सरांच्या लेक्चरमागं चिकटलेलं ते वाक्य प्रती होऊन खोल्याखोल्यांत पोचलं. पोरं जिन्यात तिच्या आवाजाची नक्कल करू लागली. चौथ्या दिवशी तिचे वडील, रामकिशन गुरुजी, तिची बांधलेली बॅग घेऊनच दुकानात उभे राहिले.

“शिक्षण बंद. आत्ताच्या गाडीनं गावाकडं. पण आधी ह्यानं सांगावं, खरं हाय का हे?”

सिंधु जीशानकडं बघत राहिली. त्यानं नुसती मान डोलावली असती, तरी ती बॅग तिथंच टाकून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहणार होती.

जीशान खाली बघत म्हणाला, “नाटुकलं होतं, गुरुजी. मी लिहिलेलं ह्या ताईंनी वाचलं. माझं तर लग्न ठरलंय, नायगावला.”

ताई!

बॅग पुन्हा खोलीवर गेली. सिंधु परीक्षेला बसली. प्रदर्शनाला मात्र गेली नाही.

मकबूलभाई गेले, पाठोपाठ कॅसेटीही गेल्या. महादेवीताई उदगीरला परतल्या. जीशाननं मुरुडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. नायगावची नवरी कुणी कधी पाहिली नाही. सिंधु डॉक्टर झाली, डॉक्टरशीच लग्न करून नांदेडला राहिली. दारावरची पाटी गुरुजींनी स्वतः लावली.

बऱ्याच वर्षांनी भाच्याकडं आलेली एक वाकलेली म्हातारी खोकत तिच्या दवाखान्यात आली. नाव सांगितलं... कोंडाबाई.

“कोंबडीवाल्या?” सिंधुच्या तोंडून निघून गेलं.

“अगं बया! तू बी आयकलीस व्हय माठात?” म्हातारी खुलली. “शेवटच्या माठात ते टेपवालं पोरगं व्हतं बघ. म्हनायचं, माजा इस्वास सिंधुवर हाय, ती डाक्टर व्हनारच. कोन सिंधु, कुनाला ठावं... झाली का न्हाई, देव जाने.”

“श्वास घ्या, आजी,” सिंधु म्हणाली. तिनं स्टेथोस्कोप कानाला लावला, आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.