फुकेतची तयारी

वकील शामकांत निसळ जिना चढून वर आले, त्यांनी दार लोटलं आणि आतून कडीही लावून घेतली. मे महिन्याच्या भर दुपारी, पंखा नसलेल्या खोलीत कडी लावणारा माणूस एक तर चोर असतो, नाहीतर त्याच्याकडे चोरी झालेली असते. चितळे रोडवर खासगी तपासाचं दुकान मांडून बसलेल्या रंगनाथ कुलथ्यांनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

वकिलांनी पाणी घेतलं नाही. त्र्याहत्तरच्या त्या दुष्काळी उन्हाळ्यात नगरात दुसऱ्याच्या घरचं पाणी पिताना भल्याभल्यांना चोरट्यासारखं व्हायचं.

"पासपोर्ट गेलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "माझा आणि लीनाचा, दोघांचा मिळून एकच आहे. सोमवारी निघायचंय."

"कुठे?"

वकिलांनी खिडकीकडे बघून घेतलं. "फुकेत. थायलंडमधलं बेट आहे. माझा धाकटा भाऊ सुमंत तिथे कथलाच्या खाणीत इंजिनिअर आहे. तिकिटं त्यानंच पाठवलीत. कोर्टाला सुट्टी आहे, म्हटलं जरा समुद्रबिमुद्र..."

कोपऱ्यातल्या खुर्चीत पेंगणारा गोरक्षनाथ बोठे खडबडून जागा झाला. गोरख हा रंगनाथांचा बालमित्र. जुनी जीप भाड्यानं चालवायचा, आणि जीप बंद पडली की, म्हणजे जवळजवळ रोजच, इथे येऊन बसायचा.

"फिरायला?" त्यानं डोळे चोळत विचारलं. "परदेशात? आन् औंदा?"

वकिलांचा चेहरा उतरला. "म्हणूनच पोलिसांत गेलो नाही. तालुक्यातल्या बायका रस्त्यावर खडी फोडतायत आणि निसळ वकील बेटावर निघालेत, हे कोर्टाच्या बाररूममध्ये कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"संशय कुणावर?"

"संशय कसला, खात्री आहे. आमची मोलकरीण छबूबाई. बुधवारी रात्री मी स्वतः कपाटाच्या खणात पासपोर्ट पाहिला. शुक्रवारी सकाळी नव्हता. मधल्या गुरुवारी ही बाई पदराखाली गाठोडं घेऊन घराबाहेर पडली. कोपऱ्यावरच्या छगन शिंप्यानं पाहिलंय. गाठोड्यात काय होतं विचारलं तर तोंड उघडत नाही. उद्यापर्यंत मुकाट्यानं आणून दे, नाहीतर फौजदाराच्या हवाली करतो, असं सांगून हाकललंय तिला."

"पासपोर्टवर फोटो तुमचे. तो घेऊन छबूबाई काय करणार?"

"विकेल!"

"कुणाला?" रंगनाथांनी विचारलं. वकिलांनी रुमालानं मान पुसली. रंगनाथांनी टोपी उचलली.

*

निसळांचं घर माळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. दारातच वकिलांच्या आई अंबिकाबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

"मी सांगत होते सोमवार नको," पाहुणे टेकायच्या आत त्यांनी सुरू केलं. "सोमवारी पूर्वेला जाऊ नये. दिशाशूल असतो. हे बेट कुठल्या दिशेला, एवढंच मी याला विचारलं होतं. पूर्वेला म्हणाला, आणि वर हसला."

"आई, आधी मुंबईला जायचं. मुंबई पश्चिमेला आहे," वकील म्हणाले.

"शेवटी जायचंय कुठे?"

"बघा. महिनाभर हेच ऐकतोय. गुरुवारपासून मात्र गप्प होती. मला वाटलं, सुटलो."

अंबिकाबाईंची माळ जरा भराभर फिरायला लागली. रंगनाथ म्हणाले, "म्हणजे आता तुमची हरकत नाही?"

"जाऊ देत बापडे. मी कशाला अडवू? सुनेचीच हौस आहे. पण होळीनंतर ती महिला मंडळाबरोबर पारनेरकडे खडी फोडणाऱ्या बायकांना सुकडी वाटायला गेली, तेव्हापासून तीही धड बोलत नाही."

आतल्या खोलीत लीनाताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. पलंगाखाली नवी कोरी बॅग, बॅगेवर नवा गॉगल आणि रबरी चपला. गोरखनं बॅग सहज उचलून बघितली आणि ती इतकी हलकी निघाली की त्याचा तोल गेला. आत डांबराच्या गोळ्यांपलीकडे काही नव्हतं.

"परवा निघायचंय ना, वहिनी?" रंगनाथांनी विचारलं.

"भरेन," त्या खाली बघून म्हणाल्या. मग एकदम मान वर करून, "छबूनं घेतलेला नाही. तिला उगीच छळू नका."

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

"असं हिला वाटतं," वकील घाईनं म्हणाले. "हिचा स्वभावच भाबडा. या सहलीसाठी वर्षभर हिनंच माझं डोकं खाल्लंय. मासिकातली नारळाच्या झाडांची चित्रं कापून कपाटाला लावली होती."

कपाटावर आता चित्र नव्हतं, नुसते डिंकाचे डाग होते. रंगनाथांनी खण उघडून बंद केला. कपाटाला कुलूप नव्हतं. मग ते दाराकडे वळले. दारामागे एक लाकडी खुंटी होती, रिकामी. तिच्याखाली भिंतीचा चुना लांबट आकारात उजळ राहिला होता, बाकीची भिंत धुरकटलेली.

"इथे काय असतं?"

"माझा तपकिरी कोट. लग्नातला. पण एवढ्या उकाड्यात कोटाला कोण हात लावतंय? अगं आई, माझा कोट कुठाय?"

"इस्त्रीला दिलाय," बाहेरून ताबडतोब उत्तर आलं.

"नाही हो, लॉन्ड्रीत तर मी..." लीनाताई बोलता बोलता थांबल्या.

"लॉन्ड्रीत काय, वहिनी?"

"काही नाही."

बाहेर पडल्यावर गोरखनं रंगनाथांचा हात घट्ट धरला. "रंगा, लॉन्ड्रीवाला! उचलू का त्याला?"

"आधी तुझी जीप सुरू होते का बघ," रंगनाथ म्हणाले.

*

छगन शिंपी सुई तोंडात धरून बोलत होता.

"व्हय, म्याच पाहिलं. गुरवारी सकाळी दुकान उघडताना. गाठोडं छातीशी धरलेलं, वरून पदर. आन् दुसरा हात असा कपाळावर. समोरून ऊन येत हुतं ना!"

"छबूबाई राहते कुठे?"

"नालेगावात. रोज त्या अंगाला जाती. त्या दिशी मातूर उलटी गेली."

रंगनाथांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघितलं आणि समाधानानं मान हलवली. गोरखनंही हलवली, कारण समजलं नसलं तरी तो मान हलवायचा.

नालेगावात छबूबाई टँकरच्या रांगेत हंड्याशेजारी उकिडवी बसली होती. पन्नाशीची, काटक बाई. रंगनाथ तिच्यासमोर तसेच उकिडवे बसले.

"गाठोडं कुणी दिलं?"

"न्हाई सांगनार. शब्द दिलाय."

"आत काय होतं?"

"सोडून न्हाई बगितलं."

"जड होतं?"

"न्हाई वो. पर वाटंत कुटं टेकवायचं न्हाई आसं बजावलं हुतं. म्या टेकवलं न्हाई. लई लांब हुतं, हात भरून आले, पर न्हाई टेकवलं."

"पोलीस नेतील, छबूबाई."

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण आवाज हलला नाही. "नेऊ द्या. रांगेतल्या बाया आत्ताच माझा हंडा मागं सारत्यात, चोरटी म्हनून. पोलीस आनी येगळं काय करनार हायेत?"

रंगनाथ उठले. त्यांनी तिला संध्याकाळी निसळांकडे यायची विनंती केली. गोरखच्या कानात त्यांनी एक काम सांगितलं, आणि ते ऐकून गोरखचं तोंड उघडंच राहिलं.

*

संध्याकाळी सगळे निसळांच्या बैठकीत जमले. छबूबाई दाराजवळ उभी होती. लीनाताईंनी तिला बसायला सांगितलं, पण ती बसली नाही.

"या घरात आल्यापासून मला एक गोष्ट खटकतेय," रंगनाथ म्हणाले. "जिच्यावर आळ आहे ती सोडून बाकी सगळ्यांचे चेहरे चोरासारखे आहेत. वकीलसाहेब सहलीचं नाव कुजबुजत घेतात. आईंची माळ धावते. वहिनी मान वर करत नाहीत."

तेवढ्यात जीप थांबल्याचा आवाज आला, आणि गोरख छातीशी गाठोडं धरून पायऱ्या चढू लागला. त्यानं उंबऱ्यावर पाय ठेवला मात्र...

"आत आणू नका!" अंबिकाबाई किंचाळल्या. माळ हातातून पडली. "उंबऱ्याच्या आत नाही आणायचं ते! माझ्या लेकाच्या जिवाला..."

गोरखनं गाठोडं सोडलं. आत त्याचं स्वतःचं धोतर निघालं.

"माफ करा, आई," रंगनाथ म्हणाले. "तुम्ही प्रस्थान ठेवलंत ना?"

अंबिकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"प्रस्थान?" गोरख म्हणाला.

"निघायचा दिवस वाईट असला की चांगल्या मुहूर्तावर प्रवाशाचं वस्त्र, सुपारी, हळकुंड, अक्षता बांधून जायच्या दिशेच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवतात. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं मानायचं. मग निघताना ते उचलून पुढे जायचं. परत घरात आणायचं नाही, वाटेत टेकवायचं नाही. महिनाभर सोमवारवरून भांडणाऱ्या आई गुरुवारी गप्प झाल्या, कारण त्यांच्या हिशेबी मुलगा गुरुवारीच निघाला होता. वस्त्र कुठलं? खुंटी रिकामी आहे, आणि बेटावर जाणाऱ्या माणसाचा लोकरी कोट मे महिन्यात कुणी इस्त्रीला देत नाही. दिशा? आईंनी ती मुद्दाम विचारून घेतली होती. छबूबाई सकाळचं ऊन तोंडावर घेत, घराच्या उलट अंगाला गेली. म्हणजे पूर्वेला. पूर्वेला, लांब, भिंगार. तिथे तुमचं कोण असतं, आई?"

"मनकर्णा. माझी मावसबहीण," अंबिकाबाई पुटपुटल्या. "हा हसतो म्हणून सांगितलं नाही. छबूला शपथ घातली."

"पण पासपोर्टचा काय संबंध?" वकील ओरडले.

"आईंना वाटलं, संबंध नाही. म्हणूनच छबूबाईवर गाठोड्यापायी आळ आला तरी त्या गप्प राहिल्या. प्रस्थान फुटलं तर मुलाला अपाय होईल, ही भीती मोठी वाटली." रंगनाथ थांबले. पुढचं बोलायला त्यांना जड जात होतं. "पासपोर्ट त्या कोटाच्या खिशात आहे. आईंनी खिसे पाहिले नाहीत. तो तिथे ठेवला होता दुसऱ्या कुणीतरी, कारण सुट्टीत या कोटाला कुणी हात लावत नाही. ते माणूस कोट गायब झालेला पाहून लॉन्ड्रीत धावलं, आणि तिथेही कोट मिळाला नाही. छबूबाई चोर नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि दोन दिवसांवर निघायचं असून त्यानं बॅगेत एक रुमालही ठेवला नव्हता."

"मीच," लीनाताई म्हणाल्या.

वकील उठून उभे राहिले.

"पारनेरच्या रस्त्यावर मी बायकांच्या ओंजळीत सुकडी घालत होते. एकीच्या हाताला फोड फुटलेले. तिनं मला विचारलं, बाई, सुट्टीत कुठं जाणार? आणि माझ्या पर्समध्ये नवा गॉगल होता." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला जाववेना. पण हट्ट माझाच होता, नको म्हणणार कुठल्या तोंडानं? वाटलं, पासपोर्ट सापडला नाही की विमान चुकेल, कुणाचाच दोष राहणार नाही. मग कोटच गेला. छबूवर आळ आला. काल रात्री ठरवलं, सकाळी सांगते. सकाळी धीर झाला नाही." त्या उठून छबूबाईसमोर गेल्या. "मी नाही जात, छबू. तिकिटं परत पाठवते. मला क्षमा कर."

छबूबाईनं त्यांचे जोडलेले हात हळूच खाली केले.

"वैनी, तुमी न्हाई गेल्या म्हनून माझ्या हंड्यात पानी येनार हाय का?"

छबूबाईनं पदर कमरेला खोचला.

"जा तुमी. त्या बेटाचं म्या बी आइकलंय वरीसभर, भांडी घासता घासता. मला बी वाटायचं, आपल्या वैनी जानार. पर म्या आता हितं न्हाई येनार. भिंगारच्या रस्त्याला खडीचं काम निघालंय."

"अगं, त्या उन्हात?" अंबिकाबाई म्हणाल्या. "आम्ही चुकलो, म्हटलं ना."

"व्हय, आईसाब. पर तुमच्या कपाटाला आता माझा हात लागंल तवा मलाच भ्या वाटंल." ती पायऱ्या उतरून गेली.

*

सोमवारी मुंबईला जायचं म्हणून निसळ नवरा-बायको गोरखच्या जीपमधून आधी उलट्या दिशेला, भिंगारला गेले. प्रस्थान उचलायला दुसरा रस्ताच नव्हता. मनकर्णाबाईंनी गाठोडं लीनाताईंच्या ओटीत घातलं. कोटाच्या आतल्या खिशात पासपोर्ट होता.

परतताना रस्त्याच्या कडेला खडीवर बसलेल्या बायका लागल्या. लीनाताईंनी जीप थांबवायला लावली आणि त्या उतरल्या. छबूबाई हातोडी घेऊन बसली होती. तळहाताला चिंधी बांधलेली.

"छबू," त्या म्हणाल्या.

छबूबाईनं त्यांच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं. "खाली टेकवू नका, वैनी," ती म्हणाली. "आन् बिगी जा. गाडी चुकंल."

संध्याकाळी गोरख चितळे रोडवर आला आणि खुर्चीत बसला, पण पेंगला नाही.

"पार स्टँडपर्यंत मांडीवर धरून बसल्या हुत्या त्या गाठोडं," तो म्हणाला. "वकील म्हनले, दे मी घेतो. न्हाई दिलं. रंगा, आपन छबूबाईवरचा आळ तर उतरवला ना?"

रंगनाथांनी त्याच्यापुढे तांब्या सरकवला. गोरखनं तो उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि न पिताच परत ठेवला.