केबिन नंबर चारमधला अस्सल सुरती

पहिल्यांदा तो माझ्यासमोर आला तो भांडायलाच. मानेवर ओला रुमाल, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि डोळे… डोळ्यांचं नंतर सांगते, कारण त्या वेळी ते माझ्यावर वटारलेले होते.

"नेट का तोडलंत?"

"मी नाही तोडलं. फोन आला होता."

"पण नेमका आत्ताच? मी एका माणसाला कायमचं गप्प करणार होतो…"

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. सुरतेत उधना दरवाज्याजवळ शोभाबेनचं सायबर कॅफे होतं आणि मी तिथे काउंटरवर बसायचे. पाच केबिनमध्ये पाच कॉम्प्युटर, मध्ये प्लायवुडच्या भिंती, एक कॉम्प्युटर काउंटरवर, आणि अख्ख्या दुकानाला मिळून टेलिफोनची एकच लाईन. काउंटरवरचा फोन कोणी उचलला, की पाचही केबिनमधलं नेट पडायचं. तो फोन माझ्या उजव्या हाताशी असायचा. पुढचं समजायला एवढी माहिती पुरे.

"कोणाला गप्प करणार होतात?" मी सहज विचारलं.

"आहे एक म्हातारा. 'तापीकाठ' नावानं लिहितो. रिटायर मास्तर असावा. भयंकर हट्टी आणि अर्धवट."

मी रजिस्टरात मान घातली. कारण तो हट्टी, अर्धवट म्हातारा मी होते. वय वर्षं बावीस, राहणार डिंडोली, म्हणजे खानदेशी वस्ती, बाप सुकलाल, लूमच्या कारखान्यात कामाला.

सुरतच्या लोकांसाठी कोणीतरी एक चर्चेचं पान काढलं होतं. इंग्रजी अक्षरांत गुजराती, हिंदी, जे येईल ते लिहायचं आणि खोट्या नावानं लिहायचं. विषय एकच चालला होता: सुरत कोणाची? इंग्लंडातल्या लेस्टरहून एक काका लिहायचे, की इंग्रजांची वखार झाली म्हणून सुरत जगाला कळली. तेच काका पुढे लिहायचे, की परक्या देशात गेलेल्यानं तिथल्या रीतीनं राहावं. आणि त्याच्या खालच्या ओळीत विचारायचे, की सुरतहून कोणी येतंय का, येताना पापडी आणाल का. काकांना सगळे माफ करायचे. खरी लढाई माझी आणि 'अस्सल सुरती'ची होती. त्यानं लिहिलं होतं: "मराठे सव्वातीनशे वर्षांपूर्वी लुटायला आले होते, आता राहायला आलेत. पहिलं परवडलं."

मी उत्तर दिलं होतं: "आम्ही लुटून परत तरी गेलो. इंग्रज वखारीपुरते आले आणि दीडशे वर्षं मुक्काम ठोकून बसले. त्यांना चहा कोणी पाजला?"

तीन आठवडे मी त्या माणसाची कल्पना करत होते. पोट सुटलेला, सोन्याची साखळी घातलेला, पन्नाशीचा शेठ. आणि तो निघाला हा. आता डोळ्यांचं सांगते. मधासारखे होते. चिडल्यावर आणखी सुंदर दिसायचे, आणि त्याला चिडवण्याचं साधन माझ्या उजव्या हाताशी होतं.

त्याचं नाव कुंदन. रिंगरोडच्या मार्केटात बन्सीलाल शेठच्या साड्यांच्या दुकानात कामाला. दुबईच्या गिऱ्हाइकांचे ईमेल बघायला शेठ त्याला रोज दोन वाजता पाठवायचे. दहा मिनिटांत ईमेल संपायचे, मग अर्धा तास तो चार नंबरच्या केबिनमध्ये बसून मला शिव्या घालायचा. मी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून त्याला उत्तरं द्यायचे. त्याचा मुद्दा फारच बिनतोड होतोय असं वाटलं, की मी फोन उचलायचे.

"तुमचा फोन फार वाजतो," एकदा तो काउंटरवर येऊन म्हणाला. "पण घंटी कधी ऐकू येत नाही."

"हळू वाजतो."

तो हसला.

आम्ही गुजरातीतच बोलायचो. मी सुरतेतच वाढलेली, गुजराती शाळेत शिकलेली, आणि शोभाबेननी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "गिऱ्हाइकाशी शुद्ध गुजराती बोलायचं. घरचं काही इथे आणायचं नाही." मी आणलं नाही. कुंदनला मी रांदेरबिंदेरची, जुन्या सुरती घरातली वाटले असणार. तो अडाजणला राहतो म्हणाला. मी 'कुंदनभाई' म्हणायचे, तो 'रंजनाबेन' म्हणायचा, आणि असं भाऊ-बहीण होऊन एकमेकांकडे चोरून बघणं किती अवघड असतं ते सुरतेत राहिल्याशिवाय कळायचं नाही.

एके दिवशी तो केबिनमधून मान बाहेर काढून म्हणाला, "रंजना, जरा येतेस?"

नावातलं 'बेन' गळलं होतं. मी उठून चार नंबरात गेले.

"या म्हाताऱ्यानं बघ काय लिहिलंय. सुरतेचं कापड विणतो कोण, असं विचारतोय. याला काय उत्तर द्यावं?"

मी दुसऱ्याचं असल्यासारखं ते वाचलं. चांगलं लिहिलं होतं. उत्तर सुचवणं भाग होतं… तो माझ्याकडे इतक्या विश्वासानं बघत होता.

"लिहा… लिही, की विणणारा विणतो, पण विकणारा नसता तर कापड घरात पडून राहिलं असतं."

"वा. तू फार हुशार आहेस."

मग काउंटरवर परत येऊन मला त्या वाक्याला उत्तर शोधावं लागलं. पाऊण तास लागला. त्यानंतर हे रोजचंच झालं. तो मुद्दा मागायचा, मी द्यायचे, आणि मग स्वतःशीच भांडत बसायचे. लेस्टरच्या काकांनी लिहिलं, की दोन्ही बाजूंची विद्वत्ता दिवसेंदिवस वाढत आहे.

दुपारी मी डबा उघडला की तो काउंटरला टेकून उभा राहायचा. बोलता बोलता डब्यात हात घालायचा. आईनं केलेली मिरचीची भाजी खाताना त्यानं एकदाही पाणी मागितलं नाही. गुजराती माणूस एवढं तिखट खाऊन नुसता बोटं चाटतो, यात काहीतरी गडबड आहे, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाचं डोकं चालत असतं तर काय हवं होतं…

कारण प्रेमात पडले होतेच. आणि हाच माणूस रोज दुपारी अडीच वाजता मला, माझ्या बापाला आणि अख्ख्या डिंडोलीला गाडीत बसवून भुसावळला परत पाठवत होता. त्याला माझं खरं कळलं तर तो काउंटरवर टेकेल का? आणि नाही टेकला तर मी काय करू? मी रोज ठरवायचे की आज सांगायचं, आणि रोज काहीतरी दुसरंच बोलायचे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशी घरांत कानबाई देवी बसते. सोमवारी तापीत विसर्जन. त्या सोमवारी मी सुट्टी घेतली, शोभाबेनना ताप आला म्हणून सांगितलं. मंगळवारी कामावर आले तर कळलं, की कुंदनही काल फिरकला नव्हता.

दोन वाजता आला. चेहरा उतरलेला. "मामा वारले," म्हणाला.

"अरेरे. फार वय होतं?"

"हो… होतंच."

त्याच्या कानामागे गुलाल होता. म्हातारं माणूस असेल, वाजतगाजत नेलं असेल, असं मी मनाशी धरलं आणि डबा उघडला.

आता कानबाईच्या रोटांचं सांगायला हवं. देवीच्या नावानं केलेले हे जाड पोळ्यांसारखे रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे. परक्याला एक घाससुद्धा द्यायचा नाही, मग तो कितीही लाडका असो. पौर्णिमेच्या आत संपवायचेही असतात. खरं तर ते घराबाहेरही नेत नाहीत, पण आमच्याकडे उरले फार, म्हणून आईनं देवीची माफी मागून दोन माझ्या डब्यात कोंबले होते. कुंदनचा हात सवयीनं डब्याकडे आला आणि मी डबा छातीशी ओढला.

"आज नाही," मी म्हणाले. "हे… हे नाही देता येत."

दुसऱ्या कोणी विचारलं असतं, का नाही देता येत? एवढी कंजूस कधी झालीस? मी थाप तयार ठेवली होती. पण कुंदननं विचारलंच नाही. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, डब्यात पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"रोट शेतस का?"

अहिराणीत. माझी आई बोलते त्या अहिराणीत.

पंखा फिरत होता. दोन नंबरमध्ये कोणीतरी शिंकलं.

"आमच्या घरचेही अजून संपले नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला.

"अडाजणला?"

"नवागामला. बाप साचावर आहे, लूमवर. वीस वर्षं झाली."

नवागाम म्हणजे आमच्या डिंडोलीच्या शेजारी. आमची कानबाई आणि त्यांची कानबाई काल एकाच रस्त्यानं तापीवर गेल्या असतील. "आणि मामा?" मी विचारलं.

"धडधाकट आहेत. कानबाईची सुट्टी मागितली तर शेठना कळलं असतं. म्हणून दर श्रावणात एकेक मामा…"

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. राग जिंकला.

"म्हणजे तू स्वतःच्याच बापाला शहराबाहेर काढत होतास? रोज, अडीच वाजता?"

"तू तर फक्त मुद्दे देतेस. बाकीचं मी काय लिहितो ते तुला काय माहीत?"

"कारण ते वाचून उत्तर देणारा रिटायर मास्तर मी आहे."

त्याचे मधासारखे डोळे हळूहळू मोठे होत गेले. "म्हणजे… ते मुद्दे…"

"दोन्हीकडचे माझेच."

"आणि फोन?"

"तोही मीच."

तो काउंटरजवळच्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, "दुकानात दिवसभर हेच ऐकतो, रंजना. हे लोक असे, हे लोक तसे. मी मान हलवतो. मग इथे येऊन तेच लिहितो. लिहिलं की वाटतं, मी त्यांच्यातला झालो. घरी गेलो की आईकडे बघवत नाही."

मला त्याचा हात धरावासा वाटला. पण मी म्हणाले, "मला तू आवडतोस, कुंदन. फार आवडतोस. पण जो स्वतःच्या आईला लपवतो तो उद्या मलाही लपवेल. ज्या दिवशी शेठसमोर सांगशील कोणाचा आहेस, त्या दिवशी ये."

तो गेला. त्या पानावरून अस्सल सुरतीही गेला. आठ दिवस मी तापीकाठ म्हणून एक ओळ लिहिली नाही. भांडायला माणूस नसला की इतिहासात काय ठेवलंय? लेस्टरच्या काकांनी विचारलं, दोघं एकदम वारले की काय. दोन वाजले की मी दाराकडे बघायचे. शोभाबेन म्हणाल्या, तुझा ताप अजून गेलेला दिसत नाही.

नवव्या दिवशी दार उघडलं आणि आधी बन्सीलाल शेठ आत आले. मागे कुंदन, मान खाली. दुबईची ऑर्डर आठवडाभर अडकली होती, कुंदन रोज काहीतरी सबब सांगत होता, म्हणून शेठ त्याला हाताला धरून घेऊन आले होते.

"काय सांगू शोभाबेन," शेठ रुमालानं टक्कल पुसत म्हणाले, "एकीकडे माझ्या लूमच्या कारखान्यातले डिंडोली-नवागामवाले. देवी बसली की दोन दिवस लूम बंद. आणि एकीकडे हा. आपला सुरती मुलगा, सोन्यासारखा. असे चार मिळाले तर…"

"शेठ," कुंदन म्हणाला.

आवाज इतका कोरडा होता की मीच पाण्याचा ग्लास उचलला.

"मी नवागामचा आहे. खानदेशी. बाप साचावर काम करतो. आमच्या घरी पण देवी बसते."

शेठचा रुमाल टकलावरच थांबला. शोभाबेन माझ्याकडे बघू लागल्या, जणू हा माझाच गुन्हा. कुंदनची नोकरी त्या रुमालाखाली कुठेतरी लटकत होती.

"मग मामा?" शेठनी विचारलं.

"दोन्ही मामा ठणठणीत आहेत, शेठ."

"मी मागच्या वर्षी मामाच्या बेसण्याला, दुखवट्याला, यायला निघालो होतो. पांढरा झब्बा घालून. तूच नको म्हणालास." शेठनी रुमाल खाली घेतला. "पुढच्या वर्षी देवीचं नाव सांगून सुट्टी घे. मामांना मारू नकोस. पाप लागतं."

कुंदननं एवढा मोठा श्वास सोडला की काउंटरवरच्या पावत्या हलल्या. मग तो माझ्याकडे वळला. केबिनमधून तीन डोकी बाहेर आली होती.

"रंजना," तो म्हणाला, मोठ्यानं, "मी नवागामना कुंदन. माले तू आवडस. चोरीन नही, आठे, सगळासमोर सांगस."

शोभाबेनच्या भुवया वर गेल्या. "ही कुठली भाषा? आणि तुला का सांगतोय?"

आता माझी पाळी होती. तीन महिने मी तापीकाठ होऊन वाघासारखी लढले होते, आणि या काउंटरवर तोंडातून आईचा एक शब्द काढला नव्हता. त्याला मोठ्या तोऱ्यात अट घातली होती, आणि मी अजून खुर्चीतच बसून होते. गुजरातीत 'हो' म्हणणं किती सोपं होतं. कुंदन वाट बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

मी उभी राहिले.

"मालेबी तू आवडस," मी म्हणाले. आवाज चार नंबरपर्यंत गेला. "सांजले घर ये. मन्हा बापले इचार."

कुंदनला हसू आवरेना आणि मला वर बघवेना. शोभाबेननी शेठचा हात हलवला.

"अहो, काय म्हणाली ती?"

बन्सीलाल शेठ पंचवीस वर्षं खानदेशी कामगारांशी घासाघीस करत आले होते. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"हो म्हणाली," ते म्हणाले. "आणि याला आज लवकर सोडावं लागणार."