ठेवणीतला बल्ब

सह्याद्रीच्या पोटातल्या त्या वसाहतीत हळद लागलेली नवरी आणि न लागलेली करवली सारख्याच पिवळ्या दिसत. वरची हवा विषारी झाल्यापासून माणसं खाली राहत होती, आणि खाली होते फक्त एकरंगी दिवे. सोडियमच्या वाफेचे, थोड्या विजेत भरपूर उजेड देणारे, पण तो उजेड एकाच पिवळ्या रंगाचा. उन्हात सगळे रंग मिसळलेले असतात. लाल शालू त्यातला लाल तेवढा परत पाठवतो, म्हणून लाल दिसतो. उजेडात लाल नसेलच तर शालू बिचारा काय पाठवणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे सगळंच पिवळं, नाहीतर काळपट.

मृदुला खाली आली तेव्हा रेवती पोटात होती. येताना मृदुलाने लग्नातला लाल शालू, हिरवा चुडा आणि शालूत गुंडाळून तारेचा एक जुना बल्ब आणला. तापलेल्या तारेच्या उजेडात सगळे रंग असतात, हे तिला ठाऊक होतं. लेकीला एकदा तरी लाल दिसावा, एवढीच तिची हौस. पण तिच्या माहेरी चांगल्या बशासुद्धा पाहुण्यांसाठी राखलेल्या. लहानगी रेवती हट्ट करायची, "आई, लाव ना गं एकदा." मृदुला म्हणायची, "जळून गेला तर? तुझ्या लग्नात लावू हं."

लग्नाच्या सकाळी वसाहतीतले नेत्रशास्त्रज्ञ डॉ. घैसास जादा विजेची बॅटरी घेऊन आले. रेवती आतल्या खोलीत तयार होत होती. बल्ब बसवता बसवता त्यांनी विचारलं, "मृदुलाताई, मुलगी लहान असताना हा लावत होता ना?"

"छे हो. एकदाही नाही. जिवापाड जपलाय."

डॉक्टरांचा बल्ब फिरवणारा हात थांबला.

"काय झालं?"

"डोळ्याला रंग मिळाले तरी ते ओळखायला मेंदूला शिकावं लागतं, आणि तो शिकतो तान्हेपणीच. इथली मुलं मोठी झाल्यावर आम्हाला हे कळलं. आता ती वाट बुजली. तेव्हा रोज तासभर लावला असता तरी..."

"टिकला असता तो?"

"दोनेक वर्षं सहज."

तेवढ्यात रेवती तोच शालू नेसून, चुडा भरून बाहेर आली, आणि आईने बटण दाबलं.

शालू लाल झाला. इतक्या वर्षांनी लाल पाहून मृदुलाला रडू फुटलं. रेवती डोळे बारीक करून बघत होती. तिने शालूचा पदर चुड्याशेजारी धरला.

"यातला लाल कुठला गं?"

तेवढ्यात तार तुटली आणि खोली पुन्हा पिवळी झाली.

आईचे डोळे बल्बसाठीच भरलेत असं रेवतीला वाटलं. तिने पदराने ते पुसले.

"रडू नकोस गं. बरं झालं जपून ठेवलास. लहानपणी लावला असतास तर आज मला काहीच दिसलं नसतं."