रातबगळ्याचं निळं कापड

कचऱ्याच्या पिंपांमागे डोक्यापासून पायापर्यंत काळा झगा पांघरलेला एक माणूस उभा होता, आणि तो फोनवर कुजबुजत होता.

मारिबेल ओचोआच्या हातात कॉफीचे दोन कप होते. ती जागच्या जागी थबकली. बरबँकच्या त्या स्टुडिओच्या आवारात फोन काढायला बंदी होती. आत शिरतानाच प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर लाल चिकटपट्टी डकवली जायची. आणि हा पठ्ठ्या भर दुपारी, कडेला जाऊन...

"कोण आहे तिकडे?"

झगा दचकला. "कुणी नाही."

"कुणी नाही, तर बोलतंय कोण?"

"अं... चुकून बोललो." फोन झग्यात गडप झाला आणि त्याने टोपडं मागे सारलं. आत चेहरा नव्हताच, निळा मुखवटा होता. त्यातून दोन तपकिरी डोळे तिच्याकडे बघत होते, आणि ते चक्क हसत होते. "बरं झालं भेटलीस. शिवणखात्याचं दार कुठल्या बाजूला आहे? मला या पोशाखात मान वळवता येत नाही. मघापासून सरळच चालतोय... आता पुढे भिंत आली."

मारिबेलला हसू आलं, पण तिने ते गिळलं. ज्याचे डोळे इतके हसतात त्याच्या पोटात काय असेल कोण जाणे, असं तिच्या मनात आलं. स्वभावच तसा होता तिचा. शिवणकाम करणारी बाई आधी कापड उलटं करून बघते, आणि मारिबेल माणसंही तशीच बघायची.

तर हा रातबगळा. चित्रकथांच्या पुस्तकांतला मुखवटाधारी वीर. तीन पिढ्यांनी वाचलेला. चित्रात त्याच्या अंगावर घट्ट निळं कातडं आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या फटी. कागदावर ते शोभायचं, कारण कागदावरच्या माणसाला श्वास घ्यावा लागत नाही, वाकावं लागत नाही, की लघवीला जावं लागत नाही. आता त्याचा सिनेमा होत होता. दुसऱ्या कारखान्यात शिवलेला पहिला पोशाख फसला होता, म्हणून तो झग्याखाली झाकून, आतल्या माणसासकट मारिबेलकडे धाडला होता.

आतला माणूस म्हणजे ग्रेडी हॅलोरन. सिनेमाचा नायक परदेशी दुसऱ्या चित्रीकरणात अडकलेला. त्याच्या वतीने गच्चीवरून उड्या मारणारा ग्रेडी अंगाने तंतोतंत त्याच्याएवढा, म्हणून सगळी मापं ग्रेडीचीच घ्यायची आणि पोशाखही त्यालाच घालून बघायचा.

वेशभूषेची सूत्रं लॉर्नाबाईंकडे होती. मारिबेल आजवर दुसऱ्यांनी बेतलेलं शिवत आली होती. या सिनेमात पहिल्यांदा बेतणारी म्हणून पडद्यावर तिचं नाव येणार होतं. लॉर्नाबाईंनी काय शक्कल काढली होती! मखमली निळ्या कापडावर पिसाच्या बारीक रेघा उठवलेल्या. लांबून दिसायच्या नाहीत, पण उजेड पडला की अंगभर पिसारा फुलायचा. चाहते सुऱ्या परजून बसलेले. वेळेआधी हे कापड बाहेर दिसलं, तर पोरं आरडाओरडा करतील आणि निर्माते घाबरून सगळंच बदलतील. पहिल्याच दिवशी लॉर्नाबाईंनी बजावलं होतं, "गोष्ट फुटली, तर फोडणारा घरी जाईल. मग तो कुणी का असेना."

म्हणून मारिबेल ग्रेडीवर डोळा ठेवून होती. तसा तो डोळ्यांत भरण्यासारखाही होता, पण ते वेगळं.

"हात वर कर," ती टाचण्या तोंडात धरून म्हणायची.

"शरण आलो."

"हलू नकोस. टोचेल."

"तू टोचतेसच. टाचण्या नसल्या तरी."

मानेजवळचा भाग तिने पुन्हा बेतला. बगळ्याच्या मानेसारखे आडवे पट्टे एकमेकांवर सरकतील असे जोडले. ग्रेडीने डावीकडे वळून पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग मागे, थेट तिच्याकडे. त्याच्या मानेवर तिची बोटं होती. ती काढायची राहूनच गेली...

"वळते," तो हळूच म्हणाला.

"वळू दे. माझ्याकडेच का?"

"दुसरीकडे भिंत आहे."

त्या रात्री ती घरी गुणगुणत गेली आणि मग स्वतःवरच चिडली. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो नाहीसा व्हायचा. विचारलं तर म्हणायचा, "हवा खायला." बगळासुद्धा डोळे मिटून उभा असतो, सगळं लक्ष माशावर! तिच्या मनात पाल चुकचुकायची, आणि दुसऱ्या दिवशी तो खायला टाको घेऊन दारात उभा राहिला की ती पाल कुठे पळायची कोण जाणे.

एकदा ती कातरणं पिशवीत कोंबत असताना तो आत आला. कातरणं जाळायला द्यायची असा नियम होता.

"काय नेतेस?"

"चिंध्या. तुझ्यासारख्याच, बिनकामाच्या."

"मग मलाही ने," तो म्हणाला. ती कानापर्यंत लाल झाली आणि तिने पिशवीचं तोंड घट्ट आवळलं.

आणि एका सकाळी बॉम्ब फुटला. चाहत्यांच्या संकेतस्थळावर कापडाचा फोटो झळकत होता. अगदी जवळून घेतलेला, बाकी सगळं कापून टाकलेला. निळं कापड, त्यावर पिसाच्या रेघा. खाली लिहिलं होतं, "रातबगळ्याची पिसं सापडली!" दुपारपर्यंत अर्धं जग त्यावर थुंकत होतं आणि अर्धं नाचत होतं.

लॉर्नाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "या खोलीत मी, तू आणि तो. मारिबेल, तुला काही दिसलंय का? खरं सांग."

मारिबेलच्या डोळ्यांपुढे तो काळा झगा आला, ते पिंपांमागचं कुजबुजणं. इतके दिवस आपण भुललो, याचाच तिला संताप आला. "तो फोनवर बोलतो," ती म्हणाली. "पिंपांमागे. लपून."

संध्याकाळपर्यंत ग्रेडीला घरी पाठवलं गेलं. जाताना तो शिवणखात्याच्या दारात थांबला. तिच्याकडे बघत राहिला. तिने मान खाली घालून मशीन चालू केलं. सुईत दोरा नव्हता.

रविवारी ती आईकडे व्हिटियरला गेली. आईचा छोटा कुत्रा चुरो दारातच अंगावर उडाला. त्याच्या पाठीवर तिनेच कातरणांतून शिवलेला निळा कोट होता. चांगलं ताणदार कापड जाळायचं? तिचा हात धजावला नव्हता. ओंजळभर चिंध्या, त्यावरून कोण काय ओळखणार!

"अगं, चर्चच्या गटात किती वाहवा झाली त्याची!" आई कौतुकाने म्हणाली. "मी फोटो टाकला ना. लिहिलं, माझी मारी मोठ्या सिनेमात शिवते, हे कापडही तिथलंच. गटातल्या रोझाच्या नातवाने तर तीनदा विचारलं, कुठल्या सिनेमात म्हणून. चित्रकथांचं भारी वेड आहे त्याला."

मारिबेलने चुरोला जवळ ओढलं; कोटावर पिसाच्या रेघा लख्ख दिसत होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती ज्याच्यावर पाळत ठेवून होती तो निर्मळ निघाला, आणि चोर तिच्याच सुईदोऱ्यातून बाहेर पडला होता. आईने वाढलेलं ताट तसंच राहिलं. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पडद्यावर नाव आलं असतं. ती रात्रभर तळमळली, आणि तळमळीच्या तळाशी एकच गोष्ट होती: दारात थांबलेला तो माणूस.

सोमवारी तिने लॉर्नाबाईंना सगळं सांगितलं. "तुझ्यासारखी मान बेतणारी मला मिळायची नाही," लॉर्नाबाई म्हणाल्या. "पण शब्द मी सगळ्यांसमोर दिला होता." मारिबेलने आपली कात्री गुंडाळली, सगळ्यांचा निरोप घेतला आणि गाडी सन व्हॅलीकडे घेतली.

ग्रेडी एका जुन्या गोदामात गाद्यांवर पडण्याचा सराव करत होता. तिला पाहून तो उठला, पण जवळ आला नाही.

"तुला परत बोलावतील," ती दारातूनच म्हणाली. "फोडलं मी. म्हणजे आईने... म्हणजे कुत्र्याने... नाही, मीच. चिंध्यांचा कोट शिवला होता. आणि तुझं नाव मीच सांगितलं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दोन्ही." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "फोटो पाहिला तेव्हाच मला तुझी ती पिशवी आठवली. त्यांनी मलाही विचारलं, कुणावर संशय आहे का. मी म्हटलं, नाही."

"होता ना?"

"पुरेपूर होता."

म्हणजे दोघांनाही एकमेकांचा संशय होता. तिने तोंड उघडलं होतं, त्याने मिटलं होतं. "मग सांगितलं का नाहीस? नोकरी गेली ना तुझी!"

"तुझी गेली असती ना." तो आता जरासा चिडला होता, आणि ते तिला बरं वाटलं. "आणि पिंपांमागे मी आईशी बोलायचो. उंचावरून उड्या मारतो ना मी, रोज दुपारी तिला आवाज ऐकवावा लागतो. नाहीतर जेवत नाही ती. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"विचारलं होतं. तू म्हणालास, हवा खायला!"

"एवढा बाप्या आईला फोन करतो, हे तुला सांगू? तुझ्या हातात टाचण्या असताना?"

तिला हसायला आलं आणि त्याबरोबर रडूही फुटलं. तिने ते पुसलं नाही. "ऐक. मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. इतका आवडलास, की यात नक्की काहीतरी गोम असणार असं वाटायला लागलं. म्हणून... म्हणून जास्तच संशय घेतला."

ग्रेडी गाद्या ओलांडून तिच्यासमोर आला.

"माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला.

"नको जाऊ देऊस. थोडा ठेव."

"हे लॉर्नाबाईंना सांगितलंस? की मी आवडतो?"

"तेवढं सोडून बाकी सगळं सांगितलं."

"म्हणजे हे अजून फुटलेलं नाही." त्याने तिचा हात हातात घेतला. टाचण्यांनी खरबरीत झालेली बोटं त्याने एकेक करून चाचपली. "फुटेल मात्र. स्टुडिओत काही राहतं का लपून... आणि मला पुन्हा बोलावून विचारतील, कोण ती?"

"मग? काय सांगशील?"

"मागच्या वेळी गप्प बसलो," ग्रेडी म्हणाला. "या वेळी विचारलं, तर नाव सांगणार."